पहिल्या पानावरचं नाव

मृणाली सुरवाडे दिल्लीहून यायची तेव्हा भुसावळच्या फलाटावर तिचा थोरला भाऊ राकेश उभा असायचाच. वडील रेल्वेत गार्ड होते आणि दोघांचं लहानपण तिथल्याच क्वार्टरमध्ये गेलं. गाडी कितीही उशिरा येवो, तिचा डबा कुठे लागणार हे त्याला बरोबर ठाऊक असे. त्या नोव्हेंबरात मात्र तिने आधीच फोन करून सांगितलं होतं, की या खेपेला मी कामासाठी येतेय, तुझ्याकडे उतरणार नाही, तू न्यायलाही येऊ नकोस. तरी तो आला. तिच्या हातातली बॅग घेतली, गाडीत ठेवली आणि इकडचं तिकडचं बोलत तिला जळगावला आणलं. बसस्टँडजवळच्या लॉजसमोर गाडी थांबली तेव्हा स्टीअरिंगवरचे हात न काढता तो म्हणाला, "घरात वरची खोली रिकामी आहे आणि तू लॉजवर राहतेस. कुणी विचारलं तर मी काय सांगू?"

काम संपेपर्यंतच, असं ती म्हणाली. नंतर हक्काने येऊन राहीन. त्याने मान हलवली, बॅग काउंटरपर्यंत नेऊन दिली आणि चहा न घेताच निघून गेला.

मृणालीचं काम लोकांना समजावून सांगायला अवघडच होतं. दिल्लीत एक छोटा अभ्यास कक्ष होता. संसदेपुढे एखाद्या नव्या तंत्राचा, यंत्राचा प्रश्न आला, की त्याने कुणाचं काय होईल हे जागेवर जाऊन तपासायचं आणि खासदारांना साध्या भाषेत लिहून द्यायचं, एवढंच त्या कक्षाचं काम. कक्ष सरकारचा नव्हता, कुठल्या पक्षाचा नव्हता, कंपन्यांचाही नव्हता. सत्तेतल्या आणि विरोधातल्या खासदारांना तोच कागद जायचा. त्यात 'करा' किंवा 'करू नका' असं लिहायचं नाही, हा तिथला पहिला नियम. मृणाली तिथे बरीच वर्षं होती. तिच्या आईला शेवटपर्यंत वाटायचं, की पोरगी सरकारात मोठ्या हुद्द्यावर आहे आणि मनात आणलं तर काहीही करून देऊ शकते.

या वेळचा प्रश्न कापूस वेचणीच्या यंत्राचा होता. अशा यंत्रांना सरकारने अनुदान द्यावं का, यावर संसदेची एक समिती विचार करत होती आणि तिने कक्षाकडे अभ्यास मागितला होता. नेमका याच वर्षी राकेशने त्या यंत्राच्या एजन्सीसाठी अर्ज केला होता. जळगावात त्याचं शेतीअवजारांचं दुकान होतं. एरंडोल रस्त्याला त्याने शेड घेतली होती, यंत्रं भाड्याने द्यायचा त्याचा बेत होता आणि अनुदानावरच सगळं अवलंबून होतं. मृणालीने हे कक्षप्रमुखांना लगेच सांगितलं आणि मला या कामातून काढा असं म्हटलं. प्रमुख म्हणाल्या, कपाशी कळणारं आणि अहिराणी बोलणारं आपल्याकडे दुसरं कोण आहे? तू जा. पण भावाचा संबंध अहवालाच्या पहिल्या पानावर छापायचा आणि समितीचं काम होईपर्यंत त्याच्यापासून लांब राहायचं. मृणालीला ते पटलं. आपण स्वतः प्रमुख असतो तर हेच सांगितलं असतं, असं तिला वाटलं.

गावं चिठ्ठ्या टाकून निवडली होती. त्यात अमळनेरजवळचं तिच्या आईचं माहेर निघालं. तिथे तिची पार्वतामावशी राहायची. साठी उलटलेली, नवरा गेलेला, अजूनही रोज वेचायला जाणारी. म्हणजे इकडे भावाला यंत्र हवं होतं आणि तिकडे मावशीच्या हातचं काम त्या यंत्राने जाणार होतं. मृणालीने मावशीचं नावही पहिल्या पानावर घालायचं ठरवलं आणि तिची मुलाखत घ्यायची नाही हेही ठरवलं.

सकाळच्या एसटीने ती गावाला जायची. दव सुकेपर्यंत बाया बांधावर बसत, मग कमरेला ओटी बांधून ओळीत उतरत. मृणालीही त्यांच्याबरोबर ओळ धरायची, वेचता वेचता बोलायची. लहानपणी सुट्टीत आजोळी वेचलेलं होतं, पण हात विसरले होते. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला घुसायची आणि संध्याकाळी लॉजवर भात कालवताना बोटं चुरचुरायची.

बायांचं एकमत मुळीच नव्हतं. सुगंधाबाई नावाची वयस्कर बाई होती, तिने विषय निघताच ओटी सोडून खाली ठेवली. "मशीन उनं म्हंजे आम्ही कथा जावानं?" यंत्र आलं तर आम्ही कुठे जायचं, एवढंच तिने विचारलं. नवऱ्याला न विचारता खर्च करता येतो तो फक्त वेचणीच्या दिवसांत, असं आणखी दोघीतिघींनी सांगितलं. दुसरीकडे दिपमाला होती. तिशीच्या आतली, बारावी झालेली, दोन मुलींची आई. ती म्हणाली की ताई, कमरेत वाकून वाकून माझी आई चाळिशीतच म्हातारी झाली, ह्या कामाचं कौतुक मला नका सांगू. वेचणी सुरू झाली की गावातल्या निम्म्या पोरी शाळेत जात नाहीत, माझी मोठीसुद्धा धाकटीला सांभाळायला घरी बसते. यंत्र येऊ दे. फक्त ते आलं की ते चालवायला पाटलाचा पोरगा बसेल, मी नाही. तेवढं लिहा.

मृणालीने सगळं लिहिलं. शेतकऱ्यांकडेही गेली. काहींना वेचायला माणसं मिळत नव्हती आणि फुटलेला कापूस झाडावरच खराब होत होता. यंत्र ज्या शेतात चालवून दाखवलं होतं तिथे जाऊनही तिने पाहिलं. बुटक्या, दाट लावलेल्या आणि एकदम फुटणाऱ्या कपाशीत ते ठीक चालायचं. उंच वाढलेल्या, मागेपुढे फुटणाऱ्या कपाशीत काडीकचरा फार यायचा. म्हणजे यंत्र आणायचं तर बियाणं, लावणी, फवारणी सगळंच बदलावं लागणार होतं.

पार्वतामावशीच्या दारावरून ती रोज जायची. जाता येता मावशी हाक मारायची, पाणी द्यायची. आठवडाभराने मावशीने तिला ओट्यावर बसवून घेतलं. बाजूच्या घरात मृणाली नुकतीच तासभर बोलत बसली होती, ते मावशीला ऐकू गेलं होतं.

"बठ्ठास्ले इचारी राहिनी तू," मावशी म्हणाली. "शेजारनीले इचारं, तिनी सूनले इचारं. माले कसाले नही?"

सगळ्यांना विचारलंस आणि मला का नाही, याचं कारण मृणालीने सांगायचा प्रयत्न केला. तू माझी आहेस, म्हणून तुझं लिहिलं तर कुणीही म्हणेल की हिने मावशीसाठी लिहिलं. मग बाकीच्या बायांचं सांगणंही खोटं ठरेल.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आपली शे म्हनीसन नही इचारानं, आसं काय?"

आपली आहे म्हणूनच विचारायचं नाही, हे खरंच होतं; मृणालीने मान हलवली. मावशी रागावली नाही. उठून आत गेली आणि भांडी लावायला लागली. दुसऱ्या दिवशी मृणाली त्याच शेतात गेली तेव्हा मावशी पलीकडच्या ओळीत होती. तिने मान वर केली नाही.

त्या महिन्यात मृणाली लॉजवर एकटी जेवायची. खालच्या खानावळीतला पोळीभाजीचा डबा वर मागवायची, टीव्ही लावायची आणि आवाज बंद ठेवायची. दिवसभर माणसं तिच्याशी मनातलं बोलायची आणि प्रत्येकाला वाटायचं की ही आपल्या बाजूची आहे. शेतकरी निघताना हात जोडून म्हणायचे, मॅडम, आमचं तेवढं मांडा. बाया म्हणायच्या, बाई, तुम्हीच आता बघा. मी कुणाच्याच बाजूची नाही, हे ती प्रत्येकाला सांगायची आणि ते वाक्य दरवेळी तोंडात कडू लागायचं. एकदा सपनावहिनीने दुकानातल्या माणसाबरोबर डबा पाठवला. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भरीत, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. परत पाठवणं तिला जमलं नाही. तिने ते सगळं खाल्लं आणि मग वहिनीला फोन करून सांगितलं की वहिनी, पुन्हा नका पाठवू. वहिनी म्हणाली, बरं. आणि वर विचारलं, घरचं जेवण खाल्ल्याने माणूस विकलं जातं का हो? मृणाली म्हणाली, नाही जात. पण नियम आहे.

अहवाल डिसेंबरअखेर छापून झाला. त्यात तीन पर्याय होते. पहिला, यंत्रांना सरसकट अनुदान. दुसरा, तूर्त काहीच न देणं. तिसरा, मोजक्या गावांत आधी करून बघणं, यंत्रावर पहिला हक्क वेचणाऱ्या बायांच्या गटाला देणं आणि ते घ्यायचं की नाही हे त्यांनाच ठरवू देणं. प्रत्येक पर्यायाखाली कुणाला काय मिळेल, कुणाचं काय जाईल आणि कशाबद्दल आपल्याला अजून काहीच माहीत नाही, हे लिहिलं होतं. पहिल्या पानावर चौकटीत छापलं होतं, की संशोधकाचे बंधू श्री. राकेश सुरवाडे, जळगाव, हे संबंधित यंत्राच्या एजन्सीसाठी अर्जदार आहेत. खाली मावशीचं नाव होतं.

जानेवारीत समिती धुळ्याला आली. शासकीय विश्रामगृहाच्या सभागृहात बैठक होती. पुढे खासदार, त्यांच्यासमोर मृणाली, मागच्या खुर्च्यांवर निवेदन द्यायला आलेली मंडळी. त्यात शेतकरी होते, मजूर संघटनेच्या बाया होत्या, अवजारांचे विक्रेते होते. विक्रेत्यांमध्ये इस्त्रीच्या शर्टात राकेश बसला होता. तो येणार हे तिला माहीत नव्हतं.

तिने मुद्दे मांडले. खासदारांनी बरेच प्रश्न विचारले आणि त्यातले पुष्कळ चांगले होते. मग समितीच्या अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते वयस्कर होते आणि दिवसभराच्या प्रवासाने थकलेले दिसत होते.

"बाई, तुम्ही इथल्याच आहात. कपाशीत वाढलात. आम्हाला एका वाक्यात सांगा, यंत्र आणावं की नाही?"

"ते मी सांगू नये, साहेब," मृणाली म्हणाली. "लोकांनी ते काम तुम्हाला दिलंय. आणलं तर कुणाच्या हातचं जाईल आणि नाही आणलं तर कुणाच्या कमरेवर राहील, तेवढं मी सांगितलंय."

मागे कुणीतरी हसलं. एका खासदारांना यंत्र हवं होतं. ते म्हणाले, अहवालात यंत्राच्या अडचणीच जास्त आहेत. मग त्यांनी पहिलं पान उघडलं आणि चौकट मोठ्याने वाचली, राकेशच्या नावासकट. भाऊ धंद्यात आहे म्हणून आपण स्वच्छ दिसावं, यासाठी बाईंनी मुद्दाम हात आखडता घेतला नाही ना, असं त्यांनी विचारलं. त्यांच्या पलीकडे बसलेल्या खासदारांना यंत्र नको होतं. त्यांनीही तेच पान उचललं. त्यांचं म्हणणं उलटं होतं. तिसरा पर्याय ही मागच्या दाराने यंत्र आणायची वाट आहे आणि भावासाठीच ती मोकळी ठेवली आहे.

मृणालीने दोघांनाही एकच उत्तर दिलं. नाव छापलं ते यासाठीच, की तुम्ही अहवाल शंका घेऊन वाचावा. प्रत्येक आकडा कुठून आणला हे मागे दिलेलं आहे, कुणाकडूनही तपासून घ्या. तिचा आवाज स्थिर होता. मागच्या खुर्च्यांवरून माणसं वळून राकेशकडे बघत होती, हे तिला न वळताही समजलं.

बैठक संपल्यावर ती जवळजवळ धावतच बाहेर आली. राकेश पायऱ्या उतरून गाडीपाशी पोचला होता. तिने भाऊ म्हणून हाक मारली तसा तो थांबला.

"मी काय चोरी केली होती का गं?" त्याने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. खरोखरच समजून घ्यायचं असल्यासारखा होता.

"नाही भाऊ. तू काहीच केलं नाहीस."

"मग माझं नाव असं वाचलं का?"

तिने नियम सांगायला सुरुवात केली, पण तिला स्वतःलाच ते ऐकवेना. तो गाडीत बसला आणि निघून गेला. त्याच्या गाडीत शेजारची जागा रिकामी होती आणि दोघांनाही जळगावलाच जायचं होतं.

मृणाली धुळ्याच्या स्टँडवर येऊन एसटीत बसली. पारोळ्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटून ढीग लावलेले होते. शेजारच्या बाईने तिला कुठल्या तुम्ही, माहेर कुठलं, असं विचारलं. मृणालीने भुसावळ सांगितलं. तिकडे कोण आहे आता, बाईने विचारलं. कुणी नाही, असं म्हणून तिने खिडकीबाहेर तोंड केलं. राकेशला तिने एरंडोलहून फोन लावला, मग जळगावात उतरल्यावर पुन्हा लावला. त्याने उचलला नाही.

मार्चमध्ये योजना जाहीर झाली. सरसकट अनुदान नव्हतं. आधी मोजक्या गावांत प्रयोग, यंत्रावर वेचणाऱ्या बायांच्या गटांचा पहिला हक्क आणि गटाने ठराव केल्याशिवाय यंत्र नाही. तिसऱ्या पर्यायातली काही वाक्यं जशीच्या तशी आली होती. श्रेय समितीला मिळालं आणि ते बरोबरच होतं. कक्षाचं नाव कुठे नव्हतं. प्रमुखांनी मृणालीला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला आणि पुढच्या विषयाच्या फाइली दिल्या. खासगी भाडेकेंद्रांना योजनेत जागा नसल्यामुळे राकेशची एजन्सी बारगळली.

एप्रिलमध्ये ती रजा काढून आली. आधी मावशीकडे गेली. मावशीने पुरणपोळ्या केल्या, गावातल्या लग्नांची, भांडणांची सगळी हकीकत सांगितली आणि जाताना तिच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. यंत्राचं नाव तिने काढलं नाही आणि मृणालीनेही काढलं नाही. दुसऱ्या दिवशी ती जळगावात थेट राकेशच्या दुकानात गेली. तो फवारणीपंप उघडून बसला होता. तिला बघून हात पुसले, खुर्ची दिली, पोराला चहा सांगितला.

बराच वेळ दोघं गिऱ्हाइकांच्या येण्याजाण्यातून बोलत राहिली. एजन्सीचं त्याला फारसं काही वाटत नव्हतं, असं तो म्हणाला. धंद्यात होतं असं. शेड आता कांदा साठवायला दिली आहे. पण धुळ्याहून आल्यावर बाजारात लोक विचारत होते, की असं काय केलंस रे, बहिणीला तुझं नाव लिहून द्यावं लागलं? त्यांना मी काय सांगत बसू, हितसंबंध म्हणजे काय ते?

"पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा लिहीन, भाऊ," मृणाली म्हणाली. हे बोलायलाच आपण दिल्लीहून आलो, हे तिला बोलून झाल्यावर समजलं.

"माहीत आहे मला," राकेश म्हणाला. "बाबाही असेच होते. फुकट बसवायचे नाहीत गाडीत, सख्ख्या भावाला पण." पंपाचा वॉशर त्याने उजेडाकडे धरून बघितला. "काका मग आपल्याकडे यायचे बंद झाले. तुला आठवत नसेल, तू लहान होतीस."

तिला खरंच आठवत नव्हतं. काका म्हणून कुणी होते आणि ते का येत नाहीत, हे तिने कधी कुणाला विचारलंच नव्हतं. त्या रात्री ती घरीच राहिली, वहिनीच्या हातचं जेवली. राकेश जेवताना नीट बोलला, पण बोलण्यात पाहुण्यांशी बोलताना असते तशी जपणूक होती. सकाळी त्याने तिला रिक्षा करून दिली.

आता ते दोघं महिन्यातून एखाद वेळा बोलतात. तब्येत, ऊन, मुलांच्या परीक्षा. कपाशीचा विषय कुणी काढत नाही. मृणाली दिल्लीत नव्या कामात आहे. यंत्राने केलेल्या रोगनिदानावर विसंबावं का, हा प्रश्न आहे आणि त्यातही दोन्हीकडचे लोक तिला आपापल्या बाजूला ओढू बघतात. कार्यालयातून घरी आली की कितीतरी दिवस तिचं कुणाशी बोलणं होत नाही. शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हेही तिला नीट माहीत नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी दिपमालाचा फोन आला. गाव प्रयोगात निवडलं गेलं होतं. बायांच्या गटाची बैठक मारुतीच्या पारावर भरली होती आणि यंत्र घ्यायचं की नाही यावर सकाळपासून वाद चालला होता. सुगंधाबाई एका बाजूला, आपण दुसऱ्या बाजूला, असं दिपमालाने सांगितलं. यंत्र घेतलं तर चालवायला कोण शिकणार, यावरच निम्मा वेळ गेला. तिने स्वतःचं नाव दिलं होतं, तर सासू उठून घरी निघून गेली होती.

"ताई, तुम्ही सांगा ना काहीतरी. मी फोन स्पीकरवर टाकते. तुमचं ऐकतील सगळ्या."

मृणालीच्या ओठांवर उत्तर होतं. काय करावं याबद्दल तिचं स्वतःचं मत होतं आणि चांगलं पक्कं होतं. ते तिने आजवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

"नको," ती म्हणाली. "तुम्ही ठरवा. मी नाही सांगणार."

तिकडे कुणीतरी दिपमालाला हाक मारली आणि ती फोन तसाच चालू ठेवून वादात शिरली. एकाच वेळी चारजणी बोलत होत्या. कोण कुणाला काय म्हणतंय ते समजत नव्हतं. मधेच हशा उठला, मग पुन्हा कुणाचा तरी आवाज चढला, एक लहान मूल रडलं. मृणालीने कान फोनला लावला होता. फोन तिकडून कुणी बंद करीना आणि तिनेही केला नाही. पदर खोचून भांडणाऱ्या त्या बायांचं ती बराच वेळ ऐकत बसली.